सॉफ्ट टॉपच्या थारला मोठी चाकं बसवायची आहेत? मापापासून सुरुवात करा

सॉफ्ट टॉपची, म्हणजे कापडी छताची, महिंद्रा थार घरी आली की महिन्याभरातच मन चाकांवर जातं. जुन्या जीपचा तोरा असलेल्या या गाडीला कंपनीची चाकं मडगार्डच्या आत दबलेली वाटतात. त्यात पुण्याच्या नाना पेठेत एखाद्या दुकानासमोर चाकं बाहेर आलेली थार उभी दिसली की हात शिवशिवतात. मोठी चाकं बसवता येतात आणि नीट बसवली तर वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. फसगत होते ती क्रम चुकल्यामुळे. आधी रिम आवडते, मग तिच्यावर बसेल तो टायर घेतला जातो, आणि गाडीची मापं निघतात ती टायर घासायला लागल्यावर. या लेखातला क्रम बरोबर उलटा आहे.

इथले आकडे २०२० साली आलेल्या तीन दरवाज्यांच्या थारचे आहेत. तिच्या सस्पेन्शनमध्ये पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आणि मागे सॉलिड अ‍ॅक्सल असून चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. त्याआधीच्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे आहेत. मोजायची रीत तीच राहील, पण आकडे आपल्या गाडीवरून घ्या.

१. ‘मोठं’ म्हणजे नेमकं काय हवंय?

‘मोठी चाकं’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिली म्हणजे रिमचा व्यास, १६, १७, १८, २० इंच. दुसरी म्हणजे टायरसकट चाकाची एकूण उंची. तिसरी म्हणजे चाक मडगार्डच्या किती बाहेर येतं, म्हणजे रुंदी आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते त्याचा आकडा, तिसऱ्या पायरीत समजावला आहे). या तिन्ही एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र आहेत. २० इंची रिम घालूनही चाकाची उंची कंपनीएवढीच ठेवता येते, आणि १७ इंची रिमवर कंपनीपेक्षा उंच टायर बसतो.

घासणं, स्टिअरिंग जड होणं, बेअरिंग लवकर जाणं, चिखल अंगावर उडणं या तक्रारी जास्त करून तिसऱ्या गोष्टीतून येतात. दुकानात मात्र तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. दुकानदार ‘किती इंची घालायची?’ एवढंच विचारतो. तुम्ही ‘ऑफसेट किती?’ असं विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर त्या दुकानातून रिम घेऊ नका.

तुमचा वापर कसा आहे तेही याच पायरीवर ठरवा. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी असेल तर ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणारा) टायर पुष्कळ झाला. मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचा, टायर सॉफ्ट टॉपवर घेताना दहा वेळा विचार करा. त्याच्या मोठ्या ठोकळ्यांची घरघर पत्र्याच्या छताखाली थोडी तरी अडते, कापडी टॉपमधून ती थेट कानावर येते. तासाभराच्या हायवे प्रवासानंतर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

२. कायदा आणि विमा, पैसे देण्याआधी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेले सुटे भाग बसवून गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सगळेच घालतात’ हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणून सगळ्यात निर्धोक रस्ता असा: कंपनीने त्याच मॉडेलला स्वतः दिलेलं माप वापरा. थारच्या खालच्या व्हेरिएंटला २४५/७५ आर १६ टायर लोखंडी रिमवर येतात, वरच्या व्हेरिएंटला २५५/६५ आर १८ अलॉयवर (हे आकडे कसे वाचायचे ते चौथ्या पायरीत). म्हणजे १६ वरून १८ वर जाताना तुम्ही कंपनीच्याच मापांमध्ये राहता. याच्या पुढे जायचं असेल तर आधी आपल्या आरटीओत लेखी विचारा. एमएच-१२ ची गाडी असेल तर संगम पुलाजवळच्या कार्यालयात, एमएच-१४ ची असेल तर पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात. उत्तरही लेखी घ्या.

विमा कंपनीला ई-मेल करून बदल कळवा आणि पॉलिसीत त्याची नोंद म्हणजे एन्डॉर्समेंट करून घ्या. न कळवलेला बदल अपघाताच्या पाहणीत निघाला तर दावा अडकू शकतो. सर्व्हिस सेंटरलाही विचारा की सस्पेन्शन, बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या वॉरंटीचं काय होणार. तोंडी ‘काही होत नाही’ म्हणाले तर जॉबकार्डवर लिहून मागा.

फाइलमध्ये एवढी कागदपत्रं असू द्या:

- आरसी आणि विमा पॉलिसीची प्रत, एन्डॉर्समेंटसह
- मालक-पुस्तिकेतल्या टायर, हवा आणि नट-टॉर्कच्या पानाचा फोटो
- गाडीवरच्या टायर-प्रेशर स्टिकरचा फोटो
- जीएसटी बिल, ज्यावर रिमचं पूर्ण माप, ऑफसेट आणि टायरचं माप लिहिलेलं आहे
- टायरचं वॉरंटी कार्ड
- अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद

३. गाडी मोजा

एक रविवार सकाळ यासाठी राखून ठेवा. सपाट फरशी किंवा काँक्रीट हवं, सोसायटीचं पार्किंग चालेल. सामान साधंच आहे: मेजरिंग टेप, व्हर्निअर कॅलिपर, एक सरळ पट्टी, गवंडी वापरतात तो ओळंबा, खडू, जॅक, दोन जॅक-स्टँड आणि चाकांना अडवायला लाकडी ठोकळे. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली वाकू नका, स्टँड लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही.

*पीसीडी.* स्टड, म्हणजे नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट, ज्या काल्पनिक वर्तुळावर बसलेले असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. पाच असतील तर समोर स्टड येत नाही, म्हणून शेजारच्या दोन स्टडमधलं मध्य-ते-मध्य अंतर घ्या आणि त्याला १.७०१ ने गुणा. पाच स्टडमध्ये हे अंतर ८२.१ मिमी आलं तर पीसीडी १३९.७ मिमी, म्हणजे साडेपाच इंच. स्टड किती हे आधी मोजा, मगच दुकानात बोला. ‘पीसीडी १३९.७’ एवढंच सांगितलं तर पाच भोकांची रिमही हातात पडू शकते आणि सहाचीही.

*हबचा मध्य.* हबच्या, म्हणजे रिम ज्यावर टेकते त्या भागाच्या, मधला उंच गोल भाग व्हर्निअरने मोजा. रिमचं मधलं भोक याच्यापेक्षा लहान असेल तर रिम बसणारच नाही. मोठं असेल तर मधली फट भरायला सेंटरिंग रिंग लागते. बाजारातल्या सहा स्टडच्या बऱ्याच ऑफ-रोड रिमना ११० मिमीच्या आसपास भोक असतं, म्हणजे रिंग बहुधा लागणारच. ती अ‍ॅल्युमिनियमची घ्या. घाट उतरताना ब्रेक तापतात तेव्हा ती उष्णता हबपर्यंत येते आणि प्लॅस्टिकची रिंग कालांतराने मऊ पडून वेडीवाकडी होते.

*ऑफसेट.* रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबवर टेकणारी बाजू यांतलं अंतर. हबला टेकणारी बाजू मध्याच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट अधिक, आतल्या अंगाला असेल तर उणे. रिमच्या मागे, कधी स्पोकच्या पाठीवर, ‘ईटी’ या अक्षरांपुढे तो कोरलेला असतो. ऑफसेट जितका कमी, तितकं चाक बाहेर.

हिशोब उदाहरणाने बघू. समजा सध्याचा टायर २५५ रुंद आणि ऑफसेट ४० आहे. नवा टायर २८५ रुंद, ऑफसेट २०. रुंदी ३० मिमीने वाढली, म्हणजे दोन्ही अंगांना १५-१५. ऑफसेट २० ने कमी झाला, म्हणजे अख्खं चाक २० मिमी बाहेर सरकलं. बाहेरची बाजू १५ अधिक २०, म्हणजे ३५ मिमी बाहेर आली. आतली बाजू १५ वजा २०, म्हणजे ५ मिमी सस्पेन्शनपासून लांब गेली. ऑफसेट ४० च ठेवला असता तर टायर आत १५ मिमी सरकला असता आणि वरच्या आर्मला भिडण्याची भीती होती. थोडा रुंद टायर घेतला की ऑफसेट थोडा कमी करावा लागतो तो यासाठी. पण ‘लूक यावा’ म्हणून शून्य किंवा उणे ऑफसेट घेतला की चाक लांब दांड्यावर टांगल्यासारखं होतं. प्रत्येक खड्ड्याचा झटका स्टिअरिंगला येतो आणि व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो. पुण्यातल्या पावसाळ्यातले रस्ते धरले तर हा सौदा वाईट आहे.

*ओळंबा.* स्टिअरिंग सरळ ठेवा. मडगार्डच्या फ्लेअरच्या, म्हणजे बाहेर आलेल्या पट्टीच्या, सगळ्यात बाहेरच्या कडेवरून, चाकाच्या बरोबर मध्यावर, ओळंबा सोडा. दोरी स्थिर झाली की दोरीपासून टायरच्या फुगीर भागापर्यंतचं अंतर मोजा. चारही चाकांना मोजा, डाव्या-उजव्यात चार-पाच मिमीचा फरक निघू शकतो, तेव्हा कमी असलेला आकडा धरा. दोरी ते टायर ३० मिमी असेल आणि वरच्या हिशोबाने टायर ३५ मिमी बाहेर येणार असेल, तर तो मडगार्डच्या ५ मिमी बाहेर जाणार. मग ते माप सोडून द्या. टायर मडगार्डच्या बाहेर आला की चिखल आणि खडी दरवाजावर, मागच्या दुचाकीवाल्यावर, आणि टॉप उघडा असेल तर थेट तुमच्या मांडीवर येते. पोलिसांच्या नजरेतही पहिलं तेच भरतं.

४. माप निवडा

टायरवरच्या आकड्यांवरून उंची काढणं सोपं आहे. २५५/६५ आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिमी, बाजूची भिंत त्याच्या ६५ टक्के म्हणजे १६६ मिमी, रिम १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. दोन भिंती अधिक रिम, उंची ७८९ मिमी. याच रीतीने:

- २४५/७५ आर १६: ७७४ मिमी, भिंत १८४ मिमी
- २५५/६५ आर १८: ७८९ मिमी, भिंत १६६ मिमी
- २६५/७० आर १७: ८०३ मिमी, भिंत १८६ मिमी
- २८५/७० आर १७: ८३१ मिमी, भिंत २०० मिमी
- २८५/५० आर २०: ७९३ मिमी, भिंत १४३ मिमी

या यादीतलं दुसरं, म्हणजे कंपनीचं १८ इंची, आणि शेवटचं माप शेजारी ठेवून बघा. २० इंची रिम दुकानात भव्य दिसते, पण चाकाची एकूण उंची कंपनीपेक्षा फक्त ४ मिमी जास्त. भिंत मात्र २३ मिमी बारीक झाली. खड्ड्यात आपटल्यावर रिमला वाचवते ती भिंतच. सोसायटीतला टोकदार स्पीडब्रेकर, उखडलेली कडा, उघडं चेंबर, यांपैकी एक जरी बेसावध मिळालं तरी बारीक भिंतीची रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो. थारवर २० इंची रिम घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

१८ इंची गाडीवरून वर जायचंच असेल तर २६५/७० आर १७ हे सगळ्यात समजूतदार माप वाटतं. उंची १४ मिमीने वाढते, भिंत जाड होते, दिसायलाही गाडी भरलेली दिसते. कंपनीचं माप नसल्याने कायद्याची बाजू वर सांगितल्याप्रमाणे आधी सोडवून घ्या. १७ ची रिम घेताना ब्रेकचा कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) आणि स्पोकची आतली बाजू यांत किमान ३ मिमी फट राहते ना ते बघा. व्यास बसला तरी स्पोकचा आकार कॅलिपरला टेकू शकतो. रिमची रुंदीही टायरला साजेशी हवी: २५५/६५ आणि २६५/७० ला ७ ते ९ इंच, २८५/७० ला ७.५ ते ९.५ इंच.

८३१ मिमीचं माप मोहात पाडतं. चाकाचं केंद्र ते टायरची कड हे अंतर २१ मिमीने वाढतं, टायर जड असतो, आणि तो पुढच्या बंपरच्या कोपऱ्यापाशी व मडगार्डच्या मागच्या कडेला घासण्याची शक्यता मोठी. इंजिनाला प्रत्येक वेळी जास्त वजन फिरवावं लागतं, त्यामुळे पिकअप आणि मायलेज पडतं, ब्रेकचं अंतर वाढतं. स्पीडोमीटरही मागे पडतो: ७८९ वरून ८३१ वर गेल्यास काटा ८० दाखवत असताना गाडी पूर्वीच्या ८४ च्या वेगाने धावत असते. द्रुतगती मार्गावरचा कॅमेरा तुमचा काटा बघत नाही.

५. खरेदी करताना रिम उलटी करून बघा

रिमचा दर्शनी रंग नंतर बघा, आधी पाठ बघा. तिथे माप, ऑफसेट, कमाल भार आणि प्रमाणचिन्ह कोरलेलं असायला हवं. आयएसआय, किंवा बाहेरून आलेल्या रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी चिन्हं. पाठ कोरी असेल तर ती रिम कितीही स्वस्त असली तरी नको. कमाल भार तपासताना गाडीचं पूर्ण भारासह वजन घेऊन नुसतं चारने भागू नका. मागच्या अ‍ॅक्सलवर भार जास्त येतो, त्यामुळे मालक-पुस्तिकेत दिलेल्या जास्तीच्या अ‍ॅक्सल-भाराचा अर्धा भाग प्रत्येक रिमला पेलता यायला हवा.

टायरवर चार गोष्टी वाचा. आयएसआय चिन्ह. भार-निर्देशांक, जो कंपनीच्या टायरपेक्षा कमी नसावा: १११ म्हणजे १,०९० किलो, १०० म्हणजे फक्त ८०० किलो. वेगाचं अक्षर, म्हणजे ताशी कमाल किलोमीटर: क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. आणि बनण्याची तारीख: चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३५२४ हा २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. प्रत्येक टायरची तारीख स्वतंत्र वाचा, ढिगातला एखादा जुना निघतो.

नट विसरू नका. लोखंडी रिमचा नट अलॉयला चालेलच असं नाही. नटाची टेकणारी बाजू कोनाकार, गोलाकार किंवा सपाट असते आणि रिमच्या भोकातली बैठक तशीच असावी लागते. कोनाकार बैठकीत गोलाकार नट आवळला तर तो फक्त एका बारीक रेषेवर टेकतो, आणि हातात कितीही घट्ट लागला तरी शे-दोनशे किलोमीटरमध्ये ढिला पडतो.

स्पेसरच्या, म्हणजे चाक बाहेर काढायला हब आणि रिमच्या मध्ये टाकतात त्या चकतीच्या, वाट्याला जाऊ नका. योग्य ऑफसेटची रिम मिळत नाही म्हणून कुणी स्पेसर सुचवत असेल तर रिम बदला.

६. आधी एकच चाक चढवून बघा

दुकानदाराशी आधीच ठरवा: एका रिमवर एक टायर चढवायचा, गाडीला लावून बघायचा, जमलं तरच उरलेले तीन. टायर एकदा चढवला की परत घेत नाहीत, म्हणून ही अट बिल होण्याआधी बोला.

आता शाडूची माती लागेल. गणपतीच्या दिवसांत सहज मिळते, एरवी मुलांची खेळायची माती चालते. लिंबाएवढे गोळे करा. पुढचं चाक लावण्याआधी ते या जागी चिकटवा: मडगार्डच्या प्लॅस्टिक लायनरवर पुढच्या, वरच्या आणि मागच्या बाजूला, बंपरच्या आतल्या कोपऱ्यावर, वरच्या आर्मच्या टोकाजवळ आणि अँटी-रोल बारवर. टायरला पाण्याचा हात फिरवा, म्हणजे माती त्याला चिकटून येणार नाही. चाक लावा, नट योग्य टॉर्कला आवळा, गाडी खाली घ्या.

चौघांना गाडीत बसवा. अगदी हळू, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, पुढे आणि मग मागे चालवा. रिव्हर्समध्ये पूर्ण लॉक हमखास करून बघा, पुढे जाताना न घासणारं चाक तिथे घासतं. त्यानंतर बेसमेंटच्या रॅम्पवर गाडी तिरकी चढवा, म्हणजे एका बाजूचं चाक दबेल आणि दुसरं सुटेल. उतरून चाक काढा आणि गोळे बघा. न दबलेला गोळा म्हणजे भरपूर जागा. दबलेल्याची जाडी व्हर्निअरने मोजा. १० मिमीपेक्षा पातळ झाला असेल तर ती जागा पुरेशी नाही, कारण मुळशीच्या लाल चिखलाचा थर टायरवर बसला की तेवढी जागा लगेच भरते. गोळा कापला गेला असेल तर तिथे टायर घासणारच. हेच मागच्या चाकालाही करा.

या चाचणीत गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्येच ठेवा.

७. घासत असेल तर

लायनर किंवा बंपरची प्लॅस्टिकची कड जरा लागत असेल तर हीट गनने दाबून किंवा थोडी कापून जागा करता येते. पत्रा कापणं, ठोकून वाकवणं हे मात्र करू नका. कापलेली कड दोन पावसाळ्यांत गंजते. स्टिअरिंग स्टॉपवर वॉशर टाकून लॉक कमी करण्याचा उपाय सुचवला जातो, त्याने घासणं थांबतं पण वळायला जागा जास्त लागते. सदाशिव पेठेतल्या गल्लीत मग तीन-तीनदा मागे-पुढे करावं लागेल.

लिफ्ट किट (गाडी उंच करायचे भाग) हा उपाय अनेकदा चुकीच्या दुखण्यावर दिला जातो. स्प्रिंगवर स्पेसर टाकून गाडी उभी असताना उंच दिसते, पण स्प्रिंग पूर्ण दबते तेव्हा चाक कुठवर जाणार हे बंप-स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा) ठरवतो आणि तो जिथल्या तिथेच असतो. खड्ड्यात दबल्यावर घासणारा टायर लिफ्टनंतरही घासतो. शिवाय गाडीचा भार उंचावतो, पुढच्या ड्राइव्ह-शाफ्टचे कोन तिरके होतात आणि कायद्याचा प्रश्न आणखी मोठा होतो. लहान माप निवडणं हाच इथला स्वस्त उपाय.

८. बसवण्याचा दिवस

रिमवर ओरखडे पडू नयेत म्हणून लिव्हर न वापरणारं मशीन असलेलं दुकान निवडा. गाडीत टायर-प्रेशर सेन्सर असतील तर टायर उतरवण्याआधीच सांगा, नाहीतर बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, सोडवताना व्हॉल्व्हमागचा सेन्सर तुटतो. नव्या रिमच्या व्हॉल्व्हच्या भोकात तो बसतो का हेही आधी तपासा.

हबचा तोंडाचा भाग वायर ब्रशने घासून गंज काढा. तिथे गंजाची पापडी राहिली तर रिम सपाट टेकत नाही आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर राहते. स्टडच्या आट्यांवर ग्रीस लावू नका, त्याने टॉर्कचा आकडा फसवा येतो.

नट हाताने फिरवा आणि आटे मोजा. एम-१२ × १.५ च्या (१२ मिमी जाड, दर फेऱ्याला १.५ मिमी) स्टडवर नट टेकेपर्यंत किमान आठ पूर्ण फेरे बसायला हवेत. पाच-सहा फेऱ्यांतच टेकला तर रिमची बैठक जाड आहे किंवा नट आखूड आहे, तसं पुढे जाऊ नका. मग नट एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे, दोन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा टॉर्क रेंचने, मालक-पुस्तिकेतल्या आकड्याला. एम-१२ स्टडच्या बऱ्याच गाड्यांत तो १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, पण आपल्या पुस्तिकेतलाच आकडा धरा. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. स्टड ताणला जातो, आणि रात्री आडरस्त्यावर पंक्चर झालं की साध्या पान्ह्याने नट सुटत नाही.

बॅलन्सिंग चिकट वजनांचं करून घ्या. एका चाकाला १०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायला सांगा. सॉफ्ट टॉपमध्ये बॅलन्सिंगची कुचराई लगेच जाणवते: आरसे थरथरतात, विंडशील्डची चौकट आणि टॉपचे हूक कुरकुरतात, आणि माणूस टॉपच्या रबरात दोष शोधत बसतो.

शेवटी अलाइनमेंट. टो आणि कॅम्बर हे चाकांचे कोन कंपनीच्या मर्यादेत आल्याचा छापील कागद घ्या.

९. हवा

नवा टायर एलटी (लाइट ट्रक) जातीचा असेल तर त्याला तोच भार पेलायला जास्त हवा लागते, म्हणून जुना आकडा डोळे झाकून घेऊ नका. टायर कंपनीच्या भार-तक्त्यावरून सुरुवातीचा आकडा काढा, मग खडूने तपासा. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा, कोरड्या काँक्रीटवर दीडशे मीटर सरळ चालवा आणि उतरून बघा. मधली रेघ पुसली आणि कडा राहिल्या तर हवा जास्त, कडा पुसल्या आणि मध्य राहिला तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदलत जा. हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजायची.

१०. पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या दिवशी चांदणी चौकातून पिरंगुट, पौड करत मुळशीपर्यंत जा. या एका रस्त्यावर गर्दी, घाट, वळणं, खराब तुकडे सगळं मिळतं. वाटेत दोनदा थांबून चारही हबजवळ हात न्या, एकच चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर काहीतरी घासतंय किंवा ब्रेक अडकतोय.

८० ते १०० किलोमीटरनंतर, म्हणजे पुण्याहून वाईला पोचेपर्यंत, नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नवी अलॉय बैठकीत दबते, एखादा नट पाव फेरा घेतोच. पाचशेला परत एकदा. स्पीडोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ६० आणि ८० वर जुळवून बघा आणि फरकाची चिठ्ठी डॅशबोर्डवर लावा.

चिखलातून आल्यावर दुसऱ्या दिवशी हायवेला गाडी थरथरली तर लगेच बॅलन्सिंगला पळू नका. रुंद रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो. पाण्याचा फवारा आतून मारा, बहुतेक वेळा थरथर तिथेच जाते.

११. स्टेपनी आणि जुनी चाकं

पाचवं चाकही त्याच मापाचं घ्या. मागच्या दरवाजावर जड चाक टांगलं की बिजागऱ्यांवर ताण येतो, म्हणून दरवाजा पूर्ण उघडतो का, मिटताना उचलून लावावा लागतो का, नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात का, ते बघा. दर सहा महिन्यांनी बिजागऱ्यांचे बोल्ट आवळा.

बजेटमुळे जुनीच स्टेपनी ठेवली असेल तर पंक्चर झाल्यावर तिचं लहान माप लक्षात ठेवा. मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं चांगलं चाक मागे लावा आणि स्टेपनी पुढे, म्हणजे मागच्या लॉकिंग डिफरन्शियलला दोन वेगळ्या उंचीची चाकं सोसावी लागत नाहीत. त्या अवस्थेत फोर-व्हील ड्राइव्ह टाकू नका, या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही आणि उंचीतला फरक थेट ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो.

कंपनीची चार चाकं विकू नका. गाडी विकताना, वॉरंटीच्या वादात किंवा आरटीओने हरकत घेतली तर तीच लागतात. धुऊन, हवा थोडी कमी करून, रिमसकट आडवी एकावर एक रचा आणि वरून गोणपाट टाका. बेसमेंटमधल्या पंपाच्या किंवा जनरेटरच्या खोलीशेजारी मात्र ठेवू नका. मोटारींच्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला चिरा पडतात.